अहमदपूरच्या अलीकडे, बायकांसाठी

दिवाळीच्या सुट्टीचा शेवटचा दिवस. लेकीला नांदेडहून लातूरच्या हॉस्टेलवर सोडायला निघाले होते. गाडी मीच चालवत होते. ती बारावीला आहे. सुट्टीतला पहिला आठवडा तिने तापात आणि लघवीच्या जळजळीत काढला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसभरात पाणी किती पितेस?" ही म्हणाली, "क्लास सुटल्यावर, एक ग्लास." मी दवाखान्यातच झापलं. डॉक्टर व्हायला निघाली आहे आणि पाणी प्यायचा कंटाळा! बाईंनी सांगितलं, भरपूर पाणी प्यायचं आणि लघवी अजिबात तुंबवायची नाही. मी ते इतकं मनावर घेतलं, की लोहा येईपर्यंत तिला दीड लिटर पाणी पाजलं.

माळाकोळीच्या पुढे ती म्हणाली, "मम्मी, पंपावर थांबव."

"पंपावरचं घाण असतं. थोडा दम धर. अहमदपूरच्या अलीकडे एक हॉटेल आहे, तिथलं स्वच्छ असतं."

"तू कधी गेली होतीस?"

"कॉलेजात असताना."

"तीस वर्षं झाली मम्मी त्याला!"

झाली होती. पण मी लातूरला शिकायला जायचे तेव्हा एसटी तिथे चहाला थांबायची. प्रवासाला निघालेल्या बायका सकाळपासून पाण्याच्या थेंबाला शिवत नसत. या एका थांब्याच्या भरवशावर चहा तरी घ्यायच्या. मागच्या संडासाची किल्ली मालकाच्या बायकोच्या कमरेला असायची. पुरुषांना ती द्यायची नाही. कंडक्टरलाही "तुमाला रान पडलंय की एवढं" म्हणून वाटेला लावायची. बाहेर आलेल्या बाईला विचारायची, "पाणी टाकलं का भडाभडा?" नसेल टाकलं तर परत आत पाठवायची.

हॉटेल जागेवर होतं, पण दुमजली झालेलं. झोपाळा, प्लास्टिकची ताडाची झाडं, फोटो काढायला बदामाच्या आकाराची दिव्यांची चौकट. लेक गाडीतून उतरली ती वाकूनच. मागच्या बाजूला 'लेडीज' लिहिलेल्या दाराला कुलूप. शेजारचं दार उघडं होतं. आत भांडं तुंबून काठापर्यंत आलेलं, फरशीवर पिवळं पाणी, त्यात विड्यांची थोटकं, भिंतीवर कमरेच्या उंचीपर्यंत गुटख्याच्या पिचकाऱ्या. नळाची तोटी फिरवली तर ती नुसतीच हातात आली. कडी नाही. वास असा, की मी नाक दाबूनच बाहेर आले.

मी गल्ल्यावर गेले. गल्ल्यावर पन्नाशीचा माणूस होता. चेहरा आईवर, त्या किल्लीवाल्या बाईवर गेलेला. तिचाच फोटो त्याच्या डोक्यावर लावलेला. काच लखलखीत, ताजा हार, खाली उदबत्ती.

"लेडीजची किल्ली द्या."

"बंद हाय ताई. आत कोल्ड्रिंकचा माल ठेवलाय."

"मग बाहेर काढा."

"आता? गिऱ्हाईक करायलोय की मी. तिकडचं उघडं हाय ना, तिथंच जाऊ द्या. कोण बघायलंय?"

"तुमच्या घरच्या बायका जातील का तिथं?"

"त्या कशाला इथं येतील?" त्याला खरंच आश्चर्य वाटलं. मग सलगीने म्हणाला, "आई होती तवर तिचं लई कडक होतं बगा. ती गेली, आता कोण बघणार? हॉटेलला नाव तिचंच दिलंय." एवढं बोलून त्याने फोटोला हात जोडले.

मला त्या हाराचीच शिसारी आली. म्हटलं, "काच कोण पुसतं?"

"मीच पुसतो की, रोज."

"मग फडकं मागच्या संडासापर्यंतही न्या."

त्याने तोंड वाकडं केलं, पण किल्ली काढली. क्रेट मीच ओढून बाहेर ठेवले. मागच्या टेबलावरची माणसं वडा हातात धरून बघत बसली. शेवटचा क्रेट हलवला तर भांड्यात सिमेंटचे वाळके गोळे आणि फुटक्या फरश्या. नळाला पाइपच नव्हता. म्हणजे ते कधी चालूच झालं नव्हतं. बांधलं, पाटी लावली, संपलं.

"मम्मी, राहू दे," लेक म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती शेजारच्या उघड्या दारातून आत गेली. मी चपलेने दार दाबून धरलं आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले.

गाडीत बसल्यावर तिने सॅनिटायझर कोपरापर्यंत चोळलं. मी म्हटलं, "चुकलं माझं. पंपावरच थांबायला हवं होतं."

"तिथंही असंच असतं. हॉस्टेलला पण. चाळीस मुलींत दोन, त्यातलं एक तुंबलेलं. क्लासमध्ये तर विचारूच नको." ती अगदी सहज बोलत होती. "मला काय पाणी प्यायचा कंटाळा आहे का?"

दवाखान्यातलं माझं बोलणं आठवलं आणि हॉटेलवाल्याइतकीच स्वतःचीही किळस आली. पाणी पी म्हणणं सोपं होतं. पाच महिने तिला तिथे ठेवून, ती जाते कुठे हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

लातूरला पोचल्यावर सामान डिकीतच ठेवलं. रेक्टरबाई दारात आल्या. मी म्हटलं, "आधी संडास दाखवा."

"आज नको ताई, सुट्टी होती, सफाई व्हायची आहे."

"म्हणूनच आज," म्हटलं आणि जिना चढायला लागले.