निळा स्क्रीन आणि आमचे आप्पा

गेल्या महिन्यात एका मंगळवारी, सकाळी सव्वाअकराला, सोनईच्या आमच्या घरात माझा लॅपटॉप पुन्हा मेला. नवीन भरती झालेल्या पंधरा पोरापोरींना व्हिडिओवर ट्रेनिंग देत होते, वाक्य अर्धं तोंडात... आणि स्क्रीन निळाशार. वर तो रडका चेहरा. अरे, रडायचं मी की तू?

तीन महिने हेच चाललं होतं. कधी दिवसातून एकदा, कधी चारदा, कधी दोन दिवस काहीच नाही... आणि आपण जरा निर्धास्त झालो की धाडकन बंद.

लॅपटॉपच तर आहे, त्यात एवढं काय, असं वाटेल तुम्हाला. सांगते. दिवाळीनंतर आप्पा, म्हणजे माझे वडील, बाथरूममध्ये पडले आणि त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. आई नाही, मी एकुलती एक, म्हणून पुण्याच्या कंपनीकडून घरून काम करायची परवानगी काढली होती.

अट एकच होती, कामात खंड पडता कामा नये. पडला की परत पुणे. आणि मी गेले की आप्पा वॉकर धरून घरात एकटे...

काय काय केलं नाही! ड्रायव्हर अपडेट केले, मग तेच अपडेट काढून टाकले. एरर कोड वहीत लिहायला लागले, तर दर वेळी कोड वेगळा. यूट्यूबवरच्या एकाने सांगितलं म्हणून रॅमची टेस्ट लावली, ती अख्खी दुपार चालली आणि शेवटी म्हणते सगळं ठीक आहे. डोंबलाचं ठीक!

नगरला नेला. दुकानातल्या दादांनी विंडोज नवीन टाकलं, एसीत बसून तीन तास चालवून दाखवला, एकदाही बंद पडला नाही. "काही प्रॉब्लेम नाही ताई," म्हणाले. घरी आणला आणि दुसऱ्याच दिवशी रडका चेहरा हजर... म्हणजे मीच वेडी ठरले.

मी जात्याच तापट, त्यात हे. टेबलावर हात आपटायचे, एकटीच बडबडायचे. एकदा तर आप्पांसमोरच म्हणाले, "या डबड्यापायी मला पुण्याला जावं लागणार आप्पा, बघा तुम्ही." ते नुसते लॅपटॉपकडे बघत राहिले.

तर त्या मंगळवारी दुपारी मेल आला. एक तारखेपासून ऑफिसमध्ये हजर व्हा. मॅनेजरला तरी काय बोलणार, बिचारीने तीनदा सांभाळून घेतलं होतं. फोन करून हातापाया पडले, शेवटची एक संधी द्या म्हटलं... नाही म्हणाली.

तरी बुधवारी लॅपटॉप घेऊन पुन्हा नगरला गेले, कारण ऑफिसमध्येही तोच वापरायचा होता. या वेळी म्हटलं, उघडा, माझ्यासमोर उघडा. दादांनी खालचं झाकण काढलं, आत बोट फिरवलं आणि वास घेतला.

आत नुसता काळा चिकट चिखल. पंखा त्यात रुतून बसलेला... तो फिरेना म्हणून मशीन तापायचं आणि तापलं की बंद पडायचं. एसीत का चाललं, तेही तेव्हा कळलं. दादांनी विचारलं, "ताई, घरात कुणी शिलाई मशीनला तेल देतं का?"

आमच्या घरात शिलाई मशीन नाही. पण आप्पांनी सगळी हयात आसपासच्या गावांची ऑइल इंजिनं आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्यात घालवलीय. परतीच्या बसमध्ये घोडेगाव येईपर्यंत मला सगळं समजलं होतं.

घरी येऊन विचारलं, तर त्यांनी लपवलं नाही. "व्हय, मीच सोडलं तेल. त्यो फॅन लई कुरकुरत हुता." मी अंघोळीला गेले की औषधाच्या सिरिंजने दोन थेंब, जाळीतून नेमके पंख्यावर. मी लॅपटॉपला शिव्या घातल्या की दुसऱ्या दिवशी चार.

एका हाताने वॉकर धरून, दुसऱ्या हाताने हे उद्योग. आमच्या दारावरून उसाचे ट्रॅक्टर जातात, त्यांची धूळ त्या तेलात जाऊन बसली. आणि आप्पा म्हणतात काय, "तुला जावं लागू नये म्हनून केलं गं."

मला ओरडायचं होतं. खोटं कशाला बोलू, अगदी तोंडापर्यंत आलं होतं... मग म्हटलं, "तेलाचं काही नाही आप्पा, आतला पार्टच जुना झाला होता." आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडून घेतलं.

आत्या आलीय त्यांच्याजवळ, महिनाभरासाठी. पुढचं मला माहीत नाही. मी पुण्यात आहे, आणि आतून साफ केल्यापासून लॅपटॉप एकदाही बंद पडलेला नाही... तो असा गुमान चाललेला बघितला की जास्तच जीव जळतो.

रविवारी आप्पांचा फोन आला. पहिला प्रश्न, "मशीन नीट चालतंय का गं?" म्हटलं, एकदम मस्त. "मग झालं की! आता कशाला राह्यलीस तिकडं? ये घरी."

मशीन सुधारलं तरी घरून कामाची परवानगी गेली ती गेलीच, हे कसं सांगणार होते मी त्यांना... त्यांच्यावर चिडता येत नाही, आणि चिडायला दुसरं कुणी नाही.