देवाने परत केलेला नैवेद्य

आमच्या घरची मोठाली कुत्री बारा महिने मेंढरांबरोबर रानात असायची. घरी राहायचं ते एक लहानसं, मांजरापेक्षा जेमतेम मोठं, पांढऱ्या छातीचं कुत्रं. मेंढरांमागे पळणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून ते आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, पायात पायात करत असायचं. तलवाड्याच्या बाजूचं आमचं खेडं, राज्य निजामाचं, आणि कुत्र्याचे लाड करायला तिथं कुणालाच सवड नव्हती. आत्याबाई करायच्या. करत नसल्याचं सोंगही तेवढ्याच मन लावून करायच्या.

वर्षातून एकदा मात्र ते लाड उघड व्हायचे, चंपाषष्ठीला. चातुर्मासात बंद केलेलं वांगं, कांदा, लसूण त्या दिवशी सुटायचं. बाजरीचा रोडगा आणि वांग्याचं भरीत खंडोबाला दाखवायचं आणि त्यातला घास कुत्र्यापुढे ठेवायचा, कारण कुत्रं देवाचं. ते जेवलं की मग घरानं जेवायचं. माझा तो सासरचा पहिला सण, आणि भरीत माझ्या हातचं. भंडाऱ्यानं पिवळं झालेलं कपाळ हलवत कुत्र्यानं ते चाटूनपुसून खाल्लं, तेव्हा मला एवढं बरं वाटलं की सांगायची सोय नाही.

आत्याबाई त्याला काखेत घेऊन बाहेर गेल्या. शेजारणीला भंडारा द्यायला गेल्या असतील, असं मला वाटलं. बऱ्याच वेळानं परत आल्या आणि पानावर बसणार, तोच कुत्रं अंगणात पाठ वाकवून ओकायला लागलं. ओकून झालं, मागून जुलाबही झाला. भंडाऱ्याचं कपाळ मातीत टेकवून ते पडून राहिलं.

आत्याबाईंनी पान बाजूला सारलं.

"देवानं निवद परत केला," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "काय गं, करताना चाखून बघितलंस का? उष्टा निवद दावलास?"

"न्हाई, आत्याबाई."

"मग कावून झालं असं?"

मी चाखलं नव्हतं. मीठसुद्धा अंदाजानं घातलं होतं. माझं पित्त असं खवळलं की डोळ्यांत पाणी आलं, पण नव्या सुनेच्या रागाला घरात जागा कुठं असते? कुत्रं वाचलं नाही तर हे बालंट जन्मभर माझ्या कपाळी राहणार, एवढं मला लख्ख दिसत होतं. आणि कुत्र्याचीही माया लागली होती, ती वेगळीच.

लहानपणापासून मला एक वाईट खोड. कुणी 'का' म्हटलं की त्याचं उत्तर सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. मी काडी घेतली आणि ती ओकारी उकरून बघायला बसले. माझ्या भरितात शेंगदाणे नव्हते. इथं अख्खे शेंगदाणे. मी कांद्याची पात बारीक चिरलेली. इथं बोटाएवढे तुकडे. कुणाचे तीळ, कुणाची अख्खी हिरवी मिरची. रोडगाही एक बाजरीचा, एक गव्हाचा. ओंजळभर पोटाच्या त्या जिवात अख्खी गल्ली जेवली होती. मी वर पाहिलं. आत्याबाईंनी सगळं बघितलं होतं, पण विचारायची माझी छाती झाली नाही.

मामंजी, म्हणजे सासरे, रानातून आले. मेंढराचं पोट बिघडलं की तापलेल्या विळ्यानं डाग द्यायची आमच्याकडची रीत. त्यांनी विळा चुलीत घातलासुद्धा.

"देवाच्या कुत्र्याला डाग देता व्हय!" आत्याबाई कडाडल्या. "काढा तो भाईर."

"मग एरंडाचं तेल पाजू?"

"आधीच समदं भाईर येतंय, त्यात आनि तेल कशाला? लेकराचं पोट बिघडलं तर काय करतो आपन? पोटाला इसावा देतो. कुनी कायबी घालू नका त्याच्या तोंडात."

मामंजींनी विळा काढला. मग कुत्र्याचा ओठ वर करून हिरडीला बोट लावलं. "वली हाय. रंगबी बरा हाय. सकाळी कोरडी लागली, न्हाईतर रगत दिसलं, तर झोळीत घालून तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात न्यायचं." लोक हसतील कुत्र्याला नेलं तर, असं मी म्हणाले. "हसू दे," एवढंच ते म्हणाले.

कुत्रं उठून रांजणाखालच्या गार ओलीत जाऊन पसरलं. तिथली हराळी त्यानं दोनदा चावली. कशासाठी, ते मला आजही कळलेलं नाही. जाणत्यांना विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर निराळं. ऊन उतरल्यावर आत्याबाईंनी उकळून गार केलेलं पाणी वाटीत घेतलं. वाटीच पुढे ठेवली तर ते घटाघटा पिऊन पुन्हा ओकेल, म्हणून बोट बुडवून चाटवायचं, थांबायचं, पुन्हा चाटवायचं. मी शेजारी बसून बघत होते. पाणी पोटात टिकलं.

दिवेलागणीला त्यांनी गाडग्याच्या तळाशी फडक्यात बांधलेले तांदूळ काढले. आमच्या ज्वारीच्या मुलखात तांदूळ म्हणजे पाहुण्यांसाठी, नाहीतर आजाऱ्यासाठी. मऊ गिच्च पेज केली. मीठ नाही, तूप नाही. बोटावर घेऊन थोडीशी चाटवली. कुत्र्यानं शेपटी एकदा जमिनीवर आपटली. मी आत्याबाईंपुढे भाकरी ठेवली, ती त्यांनी परत केली. "त्याचं धड झाल्याबिगर न्हाई," म्हणाल्या.

सकाळी ते आपणहून दारात येऊन बसलं. हिरडी ओली, पोट मऊ. पेज दिली, थोडी जास्त. तीही टिकली. मला हसू आवरेना.

तेवढ्यात शेजारीण आलीच. बातमी तिच्याआधी गल्लीभर फिरली होती. "देवानं निवद परत दिला म्हनं? सुनंनं चाखला व्हता?"

मी चुलीपाशी तशीच थिजले.

आत्याबाईंनी पेजेचं बोट पदराला पुसलं. "देव कशाला परत देतोय? म्याच फिरवलं त्याला दारोदारी, समद्यांचा निवद खायाला. गल्लीत माणसाळलेलं कुत्रं माझं एकच, लई मिजास व्हती मला त्याची. तुझ्या दारातबी न्हेलतं, तुझेच शेंगदाने निघाले त्याच्या पोटातनं. माझी सून चुकली न्हाई, म्या चुकले."

आत्याबाई शेजारणीसमोरच मांडी घालून बसल्या आणि मला म्हणाल्या, "वाढ गं. कालचं तुझ्या हातचं भरीत उरलं असंल ना? त्येच वाढ."