भिंतीपलीकडचा हुंकार

नीवेसबाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काय वाटलं, असं मार्झियाला विचारून बघा. ती आधी पोट धरून हसेल आणि मग कबूल करेल. तिला वाटलं होतं, बाईचं डोकं फिरलंय.

तिची तरी काय चूक म्हणा. मार्झिया मांतोवाकडची, सपाट शेतांच्या गावची. लग्न करून समुद्राकाठच्या त्रिएस्तेला आली, औषधाच्या दुकानात नोकरीला लागली आणि पहिल्याच सुट्टीला सासूनं तिला बंदराजवळच्या किनाऱ्यावर पिटाळलं. त्या किनाऱ्याच्या मधोमध एक पांढरी भिंत. चांगली दोन पुरुष उंच, थेट समुद्रात शिरलेली. अलीकडं बायका, पलीकडं पुरुष. शंभरावर वर्षं हे असंच चालू आहे, आणि कुणी भिंत पाडायचं नाव काढलंच तर आधी बायकाच अंगावर धावून येतील. पोट सुटलंय, मांड्या लोंबल्यात, वरचं झाकलंय की नाही, बघायला आहे कोण? नवरा तर पलीकडं.

तर मार्झिया आपला टॉवेल अंथरत होती. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या एका सत्तरी उलटलेल्या बाईनं पायातली लाकडी चप्पल काढली आणि भिंतीवर तीनदा ठोकली. आणि मग ती भिंतीशी गप्पा मारायला लागली.

"वरच्या मजल्यावरच्या ब्रूनानं पडदे बदललेत. हिरवे केलेत. तिला म्हटलं, घर आहे का दवाखाना? तर तोंड फुगवून बसली."

मार्झियानं टॉवेल हळूच चार हात लांब ओढला आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

"लांब कशाला पळतेस, पोरी," बाई वळूनही न बघता म्हणाली. "नवऱ्याशी बोलतेय. चावत नाही मी."

आणि खरंच, भिंतीपलीकडून आवाज आला, "हूं."

मार्झिया शरमली, मग हसली. तिथून दोघींची जी गट्टी जमली ती जमलीच.

नीवेसबाईंनी एकतीस वर्षं बंदरावरच्या कॉफीच्या गोदामात दाणे निवडले होते. एक कुजका दाणा राहिला तर अख्खं पोतं नासतं, असं त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं गेलं, आणि तेव्हापासून त्या माणसंसुद्धा तशीच निवडतात. नवी बाई किनाऱ्यावर आली की दोन मिनिटं निरखून बघणार आणि शेजारणीला सांगणार, "चांगली आहे," नाहीतर, "आतून किडकी." मार्झियाला म्हणे "कच्ची आहे, भाजली की होईल बरी" असा शेरा मिळाला होता. बाईंचा स्वतःचा रंग मात्र मे महिन्यातच पक्का भाजून निघालेला असायचा. त्यांची आई त्यांना पोटात घेऊन याच खड्यांवर बसायची. ऊन आणि खारं पाणी नसेल तर नीवेसबाई आजारी पडतात, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

नवरा लिव्हिओ. बस चालवायचा. अकरा वर्षांपूर्वी हृदयाचं ऑपरेशन झालं, मग निवृत्त झाला. तेव्हापासून उन्हाळ्यात रोज दोघं बरोबर निघायचे. दारापाशी आले की ही डावीकडं, तो उजवीकडं. त्याच्या पिशवीत बाईंनी सकाळी केलेला पाव असायचा. आत डुकराच्या उकडलेल्या मांसाचे काप आणि वर किसलेला झणझणीत मुळा, नाकातून पाणी काढणारा. अकरा वाजता तीन टकटक, पलीकडून "हूं," मग बाईंचं तासभराचं बातमीपत्र. एक वाजता दारात भेट, की घरी.

"बेचाळीस वर्षं टिकलंय," नीवेसबाई नव्यानं लग्न झालेल्या पोरींना सांगायच्या, "ते उगाच नाही. नवरा-बायकोच्या मधे एक चांगली जाड भिंत पाहिजे."

बायका म्हणायच्या, "पण तो बोलत तर काहीच नाही."

"तुमचे बोलतात?"

की बायका मुकाट पुढचे पत्ते वाटायला घ्यायच्या.

जुलैतला गुरुवार होता तो. अकरा वाजले, बाईंनी तीनदा ठोकलं. पलीकडून काही नाही. पुन्हा ठोकलं. "घोरत असेल," त्या म्हणाल्या. तिसऱ्यांदा दोन्ही हातांत दोन चपला घेऊन ठोकलं, तेव्हा पत्ते खेळणाऱ्या बायकांचे हात थांबले.

"अरे लिव्हिओ, मेलास की काय?"

हे त्या रोज दहा वेळा म्हणायच्या आणि रोज सगळ्या हसायच्या. आज कुणी हसलं नाही.

पलीकडून एक अनोळखी आवाज आला. "कोण लिव्हिओ?"

"निळ्या टोपीवाला. खांबाजवळच्या खुर्चीत बसतो."

थोडा वेळ गेला. मग तो माणूस म्हणाला, "टोपी आहे. टॉवेल आहे. पिशवी खुंटीला आहे. चपला पाण्याच्या कडेला आहेत. माणूस नाही."

"चपला कुठं तोंड करून आहेत?"

"पाण्याकडं."

मार्झियानं नीवेसबाईंचा चेहरा पाहिला. त्या भाजलेल्या रंगाखालून राखेसारखं काहीतरी वर आलं होतं. बाईंनी चपला खाली ठेवल्या, नीट जोडून ठेवल्या आणि सरळ पाण्यात चालायला लागल्या.

"अहो, दारावरून जाऊ या ना," मार्झिया मागं धावली.

"दारावरची तिकीटवाली आधी नाव विचारेल, मग नियम वाचेल. तू औषधवाली आहेस ना? चल."

"मी गोळ्या विकते, नीवेसबाई. माणसं जिवंत करत नाही."

"चल म्हटलं ना."

बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, पण पाण्यात पडल्या की त्यांचं वय काठावरच राहतं. मार्झिया धापा टाकत मागं. भिंत संपते तिथं दोर बांधलेला आहे, त्याच्यापलीकडं बायकांनी जायचं नसतं. बाई दोराखालून गेल्या. आणि तिथं मार्झियाच्या लक्षात आलं, की त्या पोहताना मधेमधे डोकं पाण्यात घालून तळाकडं बघतायत. त्या काय शोधतायत हे कळलं मात्र, उन्हानं तापलेल्या पाण्यात मार्झियाला हुडहुडी भरली.

पुरुषांच्या बाजूला दोन बाया पाण्यातून उगवल्या तेव्हा तिथं जे झालं ते बघण्यासारखं होतं, पण बघायची मनःस्थिती कुणाची होती? शिट्टी वाजली. टॉवेल ओढले गेले. एक म्हातारा तर, चांगली चड्डी अंगात असूनसुद्धा, मांडीवर वर्तमानपत्र धरून बसला.

पाण्यावर लक्ष ठेवणारा तुल्लिओ धावत आला. पंचावन्न वर्षांचा, मिशाळ गडी. "नीवेसबाई, इथं नाही येता येत तुम्हाला."

"आलेय. लिव्हिओ कुठाय?"

त्यानं उत्तर द्यायच्या आत बाईंनी कडेच्या चपला उचलल्या. उलट्या करून तळ पाहिला, आत बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली. मग खुर्चीवरचा टॉवेल घेतला. त्याच्या घड्या, त्यांनी स्वतः इस्त्री केलेल्या, जशाच्या तशा होत्या. एकतीस वर्षं दाणे निवडलेली नजर ती.

"या चपला या वर्षी पाण्यात गेलेल्या नाहीत," बाई हळू म्हणाल्या. "हा टॉवेल कुणी उघडलेला नाही. तुल्लिओ, माझा नवरा इथं बसतो की नाही?"

तुल्लिओ हातातल्या शिट्टीकडं असा बघायला लागला, जणू ती आजच मिळालीय.

"बुडाला नाही ना तो? एवढं सांग."

"नाही, नाही. बुडेल कसा? पाण्यात जातोय कोण."

भिंतीपलीकडं चाळीस बायका श्वास रोखून उभ्या होत्या. मार्झियानं ओरडून सांगितलं, "जिवंत आहे."

पलीकडून ताबडतोब प्रश्न आला, "कुणाबरोबर?"

तेवढ्यात दारातून एक टकल्या, गोल माणूस आत आला. गाल टम्म सुजलेला, तोंडात कापूस. नीवेसबाईंना बघून तो जागच्या जागी वळला.

"थांब," बाई म्हणाल्या. "तू कोण?"

घाबरलेल्या माणसाच्या तोंडून सवयीचं तेच बाहेर पडतं. तो म्हणाला, "हूं."

बाई मटकन लिव्हिओच्या खुर्चीत बसल्या. तोच हुंकार. पडद्यांना, गुडघ्याला, जावेच्या मोतीबिंदूला, सगळ्याला होकार देणारा.

"ब्रूनाचे पडदे?" बाईंनी विचारलं.

"हिरवे," तो कापसातून म्हणाला.

"माझा गुडघा?"

"डावा."

"लिव्हिओच्या भावाबद्दल मी जे बोलले होते..."

"ते मी कुणाला सांगितलेलं नाही, बाई. देवाशपथ."

त्याचं नाव उचो. लिव्हिओबरोबर बसवर होता, तिकिटं तपासायचा. लिव्हिओनं त्याला विनवलं होतं, की रोज अकराला भिंतीपाशी बस आणि टकटक झाली की हुंकार दे. आज सकाळी दाढ काढायला गेला, अकरापर्यंत येतो म्हणाला, पण दाढ निघता निघेना.

"किती वर्षं?"

"अकरा."

"आणि पाव?"

उचोनं मान खाली घातली. "मीच खातो. हल्ली मुळा जरा कमी घालता तुम्ही."

"परवा हेच लिव्हिओ घरी म्हणाला मला."

"मीच सांगितलं त्याला, बोलून टाक म्हणून."

नीवेसबाई हातातल्या टॉवेलच्या घड्या मोडून पुन्हा घालायला लागल्या. मार्झियाला वाटलं, आता रडतील. पुरुषांपैकी दोघंतिघं उगाच समुद्राकडं बघायला लागले. साडेबाराला लिव्हिओ आला. पायात बूट, काखेत पुस्तक, घामाचा टिपूस नाही. रोजच्यासारखा टोपी-टॉवेल गोळा करायला आला होता आणि खुर्चीत बायको.

"बाई कोण आहे?" नीवेसबाईंनी विचारलं.

"बाई नाही. बाक आहे," लिव्हिओ म्हणाला. "गावातल्या बागेत. मोठ्या चेस्टनटच्या झाडाखाली."

"रोज?"

"रोज. ऑपरेशननंतर ऊन सोसत नाही गं मला. गरगरतं. डॉक्टर म्हणाले, सावलीत बसा."

"आणि मला कोण सांगणार?"

"सांगितलं असतं तर तू किनारा सोडून माझ्याबरोबर बागेत येऊन बसली असतीस."

"बसलेच असते."

"तेच ना. एकदा नेलं होतं तुला, आठवतं? तासाभरात कबुतरांशी भांडलीस, माळ्याला गुलाब कसे छाटायचे ते शिकवलंस आणि घरी येऊन दोन दिवस झोपून राहिलीस."

"त्याला छाटता येतच नव्हते," बाई म्हणाल्या. एवढंच.

मग त्यांनी खुंटीवरची पिशवी ओढली आणि पाव बाहेर काढला. उचोला दाढेमुळं आज काही खाता येणार नव्हतं. त्यांनी पावाचे दोन तुकडे केले, एक न विचारता मार्झियाच्या हातात कोंबला. "खा." दोघींनी समुद्राकडं बघत खाल्ला. मुळ्यानं दोघींच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाईंच्या डोळ्यांतलं सगळंच मुळ्याचं होतं की नाही, मार्झियानं विचारलं नाही.

शेवटचा घास गिळला तसा तुल्लिओ घसा खाकरत पुढं झाला. "झालं ना मग? आता निघा. ज्या वाटेनं आलात त्या वाटेनं परत. इथं बायकांना बसता येत नाही."

"पोहून?" नीवेसबाई म्हणाल्या. "आत्ता जेवले मी."

तुल्लिओचा चेहरा पडला. या देशात एक गोष्ट आई पोराला चालायच्या आधी शिकवते, जेवल्यावर तीन तास पाण्यात पाऊल घालायचं नाही. पोटात गोळा येतो, माणूस दगडासारखा बुडतो. खुद्द तुल्लिओच दुपारभर पोरांना पाण्याबाहेर हाकलत असतो.

"एक पाव तर खाल्लात."

"अर्धा. पण मांसाचा. ही औषधवाली आहे, हिला विचार."

सगळे मार्झियाकडं बघायला लागले. पुस्तकांत याला काही आधार नाही, हे तिला माहीत होतं. पण तिच्याही आईनं ती नऊ वर्षांची होईपर्यंत घड्याळ हातात धरून तिला तळ्याकाठी बसवून ठेवलं होतं. ती गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "साधं जेवण असेल तर तीन तास. वर मुळा असेल तर साडेतीन."

"मीही खाल्लाय," ती पुढं म्हणाली.

"मग दारातून बाहेर जा," तुल्लिओ म्हणाला.

"अशी? ओली, अनवाणी, अंगावर एवढंच?" बाई म्हणाल्या. "कपडे पलीकडं आहेत. आणतोस जाऊन?"

तुल्लिओनं भिंतीकडं पाहिलं. भिंतीपलीकडच्या चाळीस बायकांचा त्यानं विचार केला असावा. "मी नाही जाणार तिकडं."

"नियमच आहे तसा," बाईंनी समजुतीनं मान हलवली. "मग साडेतीन तास. लिव्हिओ, उभा काय राहिलास, बस इथं शेजारी. आणि तुल्लिओ, याच्यासाठी मोठी छत्री आण. याला ऊन चालत नाही."

"छत्र्या फक्त..."

"माणसाचं हृदयाचं ऑपरेशन झालंय. तुझ्या राखणीत गरगरून पडला तर वहीत लिहिशील काय?"

तुल्लिओ छत्री आणायला गेला.