तांडेलाचा अंगठा

"पावती कुठाय?" उजवा तळवा पुढे करून ते असं विचारत, की समोरचा आपोआप खिसे चाचपायचा. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. रत्नागिरीतले हे वकील मुंबई कौन्सिलच्या निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा मी त्यांचा कारकून होतो. कुणी वर्गणी म्हणून नारळ दिला, तरी पावती फाडायची. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणायच्या, "यम न्यायला आला तरी हे आधी पावती मागतील!" ते हसत, आणि पावती फाडत.

प्रचाराला आम्ही मचव्याने, म्हणजे शिडाच्या होडीने, नाटे गावाला गेलो. येताना समुद्र खवळला, पण मचवा हाकणाऱ्या तांडेलाने आम्हाला सुखरूप किनाऱ्याला आणलं. मी भाडं पुढे केलं, तर गडी भडकला. "माझी जप्त झालेली होडी ह्या वकिलांनी सोडवली. त्यांच्याकडनं भाडं घेऊ? ठेव तो पैसा!"

ते पैसे मी देवीच्या दानपेटीत टाकले. हिशेबाच्या वहीत भाडं तर खर्ची पडलंच होतं. पण देवीची पावती आणणार कुठून? मी कोऱ्या पावतीवर तांडेलाचं नाव लिहिलं आणि खाली आपलाच अंगठा उठवला. कसली अवदसा आठवली मला!

वकील निवडून आले. हरलेल्या उमेदवाराने खर्च खोटा दाखवल्याची तक्रार केली. चौकशीत तांडेलाला साक्षीला उभं केलं. त्याला वाटलं, आपण वकिलांचा मोठेपणाच सांगतोय. छाती पुढे काढून म्हणाला, "देवाशप्पथ, दमडी घेतली नाय!"

सगळ्यांनी पावतीकडे पाहिलं. वकिलांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि उठून म्हणाले, "हिशेबावर सही माझी आहे."

निवडणूक रद्द झाली. मला त्यांनी कधी काही विचारलं नाही. नोकरीवरून काढलं नाही, की आवाज चढवला नाही. फक्त "पावती कुठाय?" एवढं म्हणायचं सोडलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं हो!

चार वर्षांनी ते गेले. तांडेल नाट्याहून भेटायला आला. ओटीवर बसून बराच वेळ रडला. मग मला म्हणाला, "भाऊ, लोक म्हणतात, त्या कागदावर वकिलांनीच अंगठा मारला. खरं काय?"

वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

मी अंगठा मुठीत दाबला आणि म्हटलं, "कुणास ठाऊक."