सरूकाकीच्या बागेचं चित्र

आमच्या लॅबमध्ये डेटाला फोल्डर आहेत, किस्स्यांना नाहीत. ते चहाच्या टेबलाभोवती तरंगत असतात. कोणी एक सांगितला की बाकीचे आपोआप जागे होतात.

काम असं होतं. बहादरपूरच्या सरूकाकीच्या केळीत व्हायरस शिरला होता. पान हिरवंगार दिसतं, पण आतली जनुकं आधीच खडबडून उठलेली असतात. आम्ही झाडाझाडाचं पान तपासलं. लागण झालेली झाडं आत्ताच काढली नाहीत, तर मावा ही कीड तो रोग बागभर नेणार. आणि काकी म्हणायची, "हिरव्या झाडावर कोयता? मी नाही चालवणार!" तिला पटेल असं चित्र हवं होतं.

*

पहिलं चित्र वर्तुळाचं. कडेला जनुकं, आत रंगीत कमानी. पाण्यात वाकून बघावं तशी मी दुपारभर त्यात बघत बसले.

काकीनं मान तिरकी केली. "बांगडी झकास आहे. पण यात माझं झाड कोणतं?"

*

मग जाळं. ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, स्क्रीनवर हळूहळू हलणाऱ्या. प्रोग्राम लिहिणारा आमचा फैजान हरखला, "देख, जैसे तारे!"

काकी म्हणाली, "ठिबकच्या नळ्या एवढ्या गुंतल्या, तर पाणी कुठून जाईल रे?"

*

तिसरं चौकटींचं. एका ओळीत एक झाड, त्याची सगळी जनुकं निळ्यापासून लालपर्यंत. फैजाननं प्रिंट लोधीपुऱ्यात घरी नेली. त्याच्या अब्बांचं आयुष्य पॉवरलूमवर गेलेलं. हे काय आहे, असंही त्यांनी विचारलं नाही. एका ओळीवर बोट ठेवलं. "ये धागा यहाँ का नहीं है."

आम्ही हसलो. मग तपासलं. दोन झाडांच्या नमुन्यांवरच्या चिठ्ठ्यांची खरंच अदलाबदल झाली होती!

लॅबचे सर म्हणाले, "अब्बांना लॅबमध्ये घ्या. तुम्ही दोघं लूमवर जा!"

*

शेवटी मी वैतागून सगळं पुसलं. जनुकं बाजूला ठेवली. बागेत ओळी आहेत तशाच कागदावर ओळी. एक झाड, एक चौकट. जेवढी लागण, तेवढी लाल.

काकीच्या बागेच्या कडेला कागद पसरला. पानांतून गाळून आलेला हिरवा उजेड त्यावर हलत होता. काकी कागदावर वाकली. मग लालांच्या मधोमध असलेल्या एका पांढऱ्या चौकटीवर तिनं बोट टेकवलं. "हे काय?"

"तिथं झाड नाही, काकी."

"होतं. पिवळं पडलं म्हणून मीच उपटलं."

बोट पांढऱ्यावरून निघालं, भोवतीच्या लालांवरून फिरलं. एकदा. पुन्हा एकदा.

ती उठली, कोयता घेतला आणि ओळींत शिरली. मी कागद घेऊन मागे धावले.

"पोरी, उलटा धरलाय! विहीर त्या अंगाला आहे."