धाकटीचे आलुबुखार

रादोयकाच्या स्वयंपाकाला कुणी नाव ठेवलेलं कुणाला आठवत नाही. वाल्येवो शहराच्या वरच्या अंगाला, आलुबुखाराच्या बागांमध्ये तिचं सासर. नवऱ्याचं नाव तिहोमीर. लग्न होऊन आली तेव्हापासून मित्रोवदानचा, म्हणजे कुळाच्या संताचा सण तिच्याच हातांवर निभत होता. आंबवलेल्या कोबीची पानं सोडवून त्यात खिमा भरायचा, मोठ्या मडक्यात रात्रभर मंद आचेवर रटरटत ठेवायचा, डुक्कर भाजायचं, केकचे थर लावायचे. सणाच्या दिवशी पाहुणे हात धुऊन बसेपर्यंत रादोयकाची कंबर धरलेली असायची. लोक जेवायचे, ढेकर द्यायचे, "थोरली म्हणजे थोरली" म्हणायचे. तेवढ्यावर ती खूश होती.

मग धाकट्या दिराचं, ओब्रादचं लग्न झालं आणि ल्युबिंका घरात आली. मुलगी शहरातली, शिवणकाम करणारी, हाताची बोटं लांब नि नखं स्वच्छ. पहिल्याच सणाला ती एक ताट घेऊन आली. ताटात होतं काय? दारूत भिजवलेले सुके आलुबुखार, बी काढून त्या जागी अर्धा अर्धा अक्रोड, वरून बेकनची पट्टी गुंडाळलेली आणि काडी टोचून भट्टीत भाजलेले. गोड, खारट, वरून कुरकुरीत. करायला किती वेळ? कॉफी उकळून थंड होईपर्यंत.

ताट टेबलावर ठेवलं नि रिकामं झालं. लोकांनी काड्यासुद्धा चोखल्या.

"अगं धाकटे, हे काय केलंस?" सासूबाई स्तामेना म्हणाल्या. त्या सहसा कुणाचं कौतुक करत नसत. "आणखी आहेत का?"

"आणते ना, सासूबाई. होतात पटकन."

होतात पटकन! रादोयकानं ते ऐकलं आणि हातातला पळा तसाच मडक्यात सोडला. दोन दिवस ती उभी राहिली होती त्या मडक्यापाशी.

त्या वर्षापासून ते ताट सणाचा भागच झालं. बारसं असो, नवं घर असो, लोक आमंत्रण देतानाच विचारायचे, "ल्युबिंका आलुबुखार आणणार ना?" रादोयका काही आणणार का, हे कुणी विचारत नसे, कारण ती आणणारच. विहिरीला पाणी आहे का म्हणून रोज कोण विचारतं?

रादोयका तोंडानं चकार शब्द काढत नसे. पण ताट आलं की तिचं लक्ष तिथंच. कुणी किती घेतले, कुणी दुसऱ्यांदा हात घातला, कुणी आधी आलुबुखार खाल्ले नि मग तिच्या खिम्याच्या गुंडाळीला "आता पोटात जागा नाही" म्हटलं, सगळं तिला दिसायचं. रात्री अंथरुणावर पडल्यावर ती तिहोमीरला म्हणायची, "भाजलेल्या फळाला चरबी गुंडाळायची, त्यात कसला आलाय स्वयंपाक?"

"चव आहे गं त्यात," तो अर्धवट झोपेत म्हणायचा. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा सगळे बाजाराला गेलेले असताना तिनं गुपचूप करून पाहिले. आलुबुखार आपल्या बागेतले, अक्रोड आपले, बेकन तर तिनं स्वतः धुरी देऊन टांगलेलं. त्याच्यापुढं शहरातल्या दुकानाचं काय टिकणार? पण सुरीनं कापलेल्या पट्ट्या जाड पडल्या. भट्टीत त्या लिबलिबीत राहिल्या, जोड सुटला आणि आलुबुखार उघडे पडून करपले. तिहोमीर अवचित लवकर परतला. त्यानं एक तोंडात टाकला, चघळला, विचार केला.

"ल्युबिंकाचे जरा कुरकुरीत असतात, नाही का?"

रादोयकानं ताट उचललं आणि अख्खं कुत्र्यापुढं ओतलं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, एका शरद ऋतूत ल्युबिंका अक्रोड झोडताना शिडीवरून पडली आणि तिचा उजवा हात मनगटात मोडला. नेमका तिचा मुलगा ग्वोज्देन लष्करी नोकरीला निघायचा होता. मुलाला फौजेत पाठवायचं म्हणजे आमच्याकडं लग्नासारखाच थाट. अंगणात मांडव, अकॉर्डियनवाला, सगळं गाव जेवायला. ल्युबिंका प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून थोरलीच्या दारात आली.

"जाऊबाई, एक मागू का?"

"माग की."

"आलुबुखार तुम्ही कराल? एका हातानं गुंडाळता येत नाहीत हो. आणि पोराला तेच हवेत."

रादोयकाला आतून आनंदाची उकळी फुटली, पण चेहरा कोरा. "मला कुठं जमतात तुझ्यासारखे?"

"जमायचं काय त्यात? बेकन रात्रभर बाहेर गारठ्यात ठेवायचं, मग पातळ कापता येतं. आणि भट्टीत ठेवताना जोड खाली येईल असे ठेवायचे. झालं."

एवढंच! इतकी वर्षं पोटात दुखत होतं ते एवढ्यासाठी? रादोयकाला हसावं की रडावं कळेना.

आदल्या दिवशी ती आलुबुखाराचं पातेलं पुढ्यात घेऊन बसली. घरात कुणी नव्हतं. तेव्हा तिच्या मनात आलं, न भिजवताच भाजले तर? चामड्यासारखे होतील. लोक चावतील, तोंड वाकडं करतील, म्हणतील, या खेपेला ल्युबिंकाचे फसले. कुणाला काय कळणार? दारूची बाटली तिच्या हातात होती, बूच उघडलेलं.

पण फसलेलं ताट आपल्या भट्टीतून बाहेर काढायचं, ही कल्पनाच तिला सोसेना. तिनं बाटली पातेल्यात कलंडवली, हवी त्यापेक्षा चांगली दोन घोट जास्त. अक्रोड भाजून घेतले, जे ल्युबिंका करत नसे. बेकन तिचं स्वतःचं, धुराच्या वासाचं, आणि या वेळी कागदासारखं पातळ.

मांडवात ताटं फिरली. वुकाशिन हा घरचा कुम, म्हणजे पोरांचा धर्मपिता, पोट सुटलेला नि आवाज भोंग्यासारखा. त्यानं एक खाल्ला, दुसरा खाल्ला आणि अकॉर्डियनवाल्याला हात करून थांबवलं.

"ल्युबिंका! आजवर केलेस त्यात हे सगळ्यात भारी! संतांनाही मोह पडेल!"

"मी नाही हो, कुमबाबा," ल्युबिंकानं प्लास्टरचा हात वर केला. "जाऊबाईंनी केलेत. माझा हात बघा की."

"बघा!" वुकाशिन सगळ्यांकडं वळला. "किती मोठं मन! स्वतःचं श्रेय थोरलीला देतीये. पाहुण्यांनो, अशी सून मिळायला नशीब लागतं!"

मांडवात हशा पिकला. टाळ्यासुद्धा झाल्या. "अहो, खरंच त्यांनीच..." ल्युबिंका म्हणत राहिली, पण ती जितकं सांगेल तितकं लोकांना तिचं अधिक कौतुक.

रादोयका रिकामं ताट हातात घेऊन तिथंच उभी होती. तिच्याकडं कुणी पाहिलंही नाही. ती वळली आणि मागच्या उन्हाळी स्वयंपाकघरात जाऊन पिंपावर बसली. डोळे कोरडे होते, कान मात्र तापले होते.

पाठोपाठ ल्युबिंका आली. "जाऊबाई, मी सांगितलं हो त्यांना."

"सांगितलंस ना. मग जा, टाळ्या घे."

"माझ्यावर का चिडता? मी काय केलं?"

"तू काही करतच नाहीस, तेच तर!" रादोयका उठून उभी राहिली. "मी दोन दिवस राबायचं, कंबर मोडून घ्यायची, आणि तू काडी टोचून ताट आणायचंस. लोकांना तूच दिसतेस. आज तर मी केलेलंही तुझंच झालं. आता माझे हात तरी माझे आहेत का?"

आता ल्युबिंकाचाही आवाज चढला. "आणि तुम्ही? सणाचा पाव कोण मळतं? धर्मगुरू येऊन ज्याच्यावर वाइन ओततात, सगळं घर ज्याला हात लावून गोल फिरवतं, तो पाव? इतकी वर्षं झाली, सासूबाईंनी मला त्या परातीजवळ उभं केलं का? 'धाकटे, तू तुझे आलुबुखार बघ.' दर वर्षी तुम्ही दार लावून मळता आणि मी बाहेर काड्या टोचते. मला काय वाटत असेल?"

हे रादोयकाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. शहरातली, स्वच्छ नखांची ही बाई आपल्यावर जळते? इतकी वर्षं?

खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला ल्युबिंकाची दया वगैरे आली नाही. आधी आलं ते सुख. उन्हात बसल्यासारखं ऊबदार. हसू तिनं पदराआड करावं तसं रुमालाआड केलं आणि म्हणाली, "चल, लोक वाट बघतायत. नाक पूस आधी."

काही आठवड्यांनी मित्रोवदान आला. ल्युबिंकाचं प्लास्टर निघालं होतं. रादोयकानं पाव मळला, आणि दार उघडं ठेवलं. मळायला काही तिनं दिलं नाही, तेवढं मन तिचं झालं नाही. पण पावावर लावायच्या कणकेच्या नक्षीचा गोळा तिनं धाकटीपुढं सरकवला. "कणसं कर. द्राक्षं कर. बोटं हलकी आहेत तुझी."

स्तामेनाबाईंनी भुवई चढवली.

ल्युबिंकानं शिवणाच्या कात्रीनं कणकेला दाणे पाडले, वेली वळवल्या, मधोमध पंख पसरलेलं पाखरू बसवलं. धर्मगुरू आले, पाव पाहिला आणि सुरी हातात धरून थबकले. "कापवत नाही," ते म्हणाले. "असा पाव या गावात मी पाहिला नाही. हे कुणाचं काम?"

सगळे ल्युबिंकाकडं पाहू लागले. रादोयका जावेच्या कानाशी वाकली.

"मी जळतेय हं," ती हळूच म्हणाली. "आत्ताच सांगून ठेवते."

"जळा की," ल्युबिंका ओठ न हलवता म्हणाली. "पाव काय सुरेख फुगलाय तुमचा. मीही जळतेय."