विमानावरचे सहा गोल

नथानिएल कंपाउंडरांनी लावलेलं लेबल बाटली फुटली तरी सुटत नसे. शिरूरच्या मिशन दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले तेव्हा पहिलं वर्षभर रिकाम्या बाटल्या धुवायचं काम माझ्याच वाट्याला आलं होतं, म्हणून हे मी छातीठोकपणे सांगते. बाभळीचा डिंक ते स्वतः निवडायचे, भिजवून फडक्यातून गाळायचे आणि त्यात लवंगेच्या तेलाचा थेंब टाकायचे. बाजारच्या डिंकाचं नाव काढलं तरी त्यांच्या कपाळावर आठी पडे. काटेकोर तर इतके, की औषधाचा एक थेंब जास्त पडला तर बाटली ओतून पुन्हा भरत. रोगी बाहेर खोकत बसला असला तरी.

सत्तावन सालच्या दिवाळीत आमच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मायदेशी परतल्या. जाताना त्यांनी कंपाउंडरांना एक खोका दिला. आत एका लढाऊ विमानाचे प्लास्टिकचे सुटे भाग होते. कंपाउंडरांनी महिनाभर दुपारच्या सुटीत ते जोडलं. शेवटी उरला एक कागद. त्यावर लाल, पांढरे, निळे गोल छापलेले होते. कागद पाण्यात भिजवला की चित्राचा पातळ पापुद्रा सुटून विमानावर सरकवता येतो, आणि त्याला मूळचाच डिंक असतो. पण विलायती डिंकावर ह्यांचा विश्वास कसा बसावा? प्रत्येक गोलाखाली त्यांनी आपल्या बाटलीतला डिंक लावला आणि वरून अंगठ्यानं दाबला. पंखांवर वर-खाली चार आणि दोन्ही कुशींवर एकेक, असे सहा गोल बसले.

जानेवारीत हौसराव पायाची जखम दाखवायला आले. मोठे बागायतदार, आणि गावातल्या सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमाचे प्रमुख. टेबलावरचं विमान बघून ते हरखले. झेंडावंदनानंतर शाळेच्या मैदानात प्रदर्शन होतं. तिथं झेंड्याजवळ उभं राहून विमान कसं उडतं ते कंपाउंडरांनी लोकांना सांगावं, असं त्यांनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. मिशनच्या आवारातल्या माणसाला गावानं असं पुढं बोलावण्याची ही पहिलीच वेळ होती. कंपाउंडरांनी त्याच दिवशी कोट धुवायला टाकला.

पंचवीस तारखेला सकाळी हौसराव पट्टी बदलायला आले आणि विमान हातात घेऊन थबकले.

"कंपाउंडर, ह्यो शिक्का कुनाचा?"

"इंग्रजांच्या हवाई दलाचा."

"मग झेंड्याखाली ह्यो कसा ठिवायचा? तुमीच सांगा." बोलणं रागाचं नव्हतं, पण माणूस अडचणीत पडलेला दिसत होता. पट्टी बदलून ते निघून गेले.

कंपाउंडर स्टुलावर बसले ते बसलेच. "सिस्टर, विमान तसंच नेलं तर म्हणतील, बघा, साहेबाचा माणूस. आणि गेलोच नाही तर म्हणतील, साहेबाचा माणूस रुसला."

मला फार वाईट वाटलं. ह्याच गावात त्यांचा जन्म गेला होता.

मग त्यांनी गोल खरवडायला पातं घेतलं. पहिल्या गोलाचा कपचाही निघाला नाही, पंखावर मात्र ओरखडा उठला. म्हणून ते पाट्या रंगवणाऱ्या कोंडिबाकडून थिनर घेऊन आले. विमानाच्या पोटावर थेंबभर लावून बघितला, तर प्लास्टिक मऊ पडलं आणि त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटला तो कायमचा. रॉकेलनं नुसता वास सुटला. त्यांची पाचावर धारण बसली, आणि माझा संयम सुटला.

"नथानिएलभाऊ, कवठ्याहून आलेल्या बाईचं गळू काल तुम्ही असंच खरवडलंत काय?"

"गळवाला पोटीस बांधतात," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले.

डिंक त्यांचा होता, बाभळीचा. म्हणजे पुरेसा भिजला तर तो पाण्याला कधी ना कधी वश होणारच होता. मी कापसाच्या सहा घड्या केल्या. कान फुटलेल्यांसाठी आम्ही सिरका, म्हणजे व्हिनेगर, ठेवत असू, त्यात कोमट पाणी घालून त्या भिजवल्या आणि गोलांवर ठेवून बँडेज बांधलं. दवाखान्यात इतकी मलमपट्टी झालेलं विमान माझ्या पाहण्यात दुसरं नाही. दर पाच मिनिटांनी कंपाउंडर पट्टीची कड उचलायला येत. रोग्यांना तीन दिवस पट्टी सोडू नका म्हणून दम देणारा हाच माणूस! शेवटी मी विमान माझ्या कपाटात ठेवलं आणि किल्ली कमरेला लावली.

दुपारी दोन वाजता पट्ट्या सोडल्या. कंपाउंडरांनी पहिल्या गोलावर बोट टेकवलं आणि हळूच ढकललं. गोल सरकला. दुधावरची साय सरकते तसा, अख्खा. एकामागून एक सहाही निघाले. जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते मी त्या दिवशी अनुभवलं. कंपाउंडर तर खिडकीकडे तोंड करून बराच वेळ चष्मा पुसत होते. संध्याकाळच्या आत कोंडिबानं केशरी, पांढरे, हिरवे गोल रंगवून दिले. एक जरा वाकडा आला.

सकाळी आम्ही दोघं मैदानावर गेलो. हौसराव फाटकातच उभे होते. दुखऱ्या पायानं लंगडत ते पुढं आले.

"आलात व्हय! दिस उगवल्यापासनं हितं उभा हाय. काल मी कायतरी वंगाळ बोललो, आता ह्यो मानूस येत न्हाई, आसं वाटलं."

कंपाउंडरांनी घाईघाईनं खोका उघडला. "बघून घ्या, सगळे काढलेत."

"ते बघू मागनं. आदी म्होरं चला, तुमची खुर्ची धरून ठिवलीया."

विमानाकडे त्यांनी नजरसुद्धा टाकली नाही. कंपाउंडर पहिल्या रांगेत जाऊन बसले, खोका मांडीवर घेऊन, आणि झेंडा वर गेला तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. माझेही. नंतर पाटसहून आलेल्या एका पाहुण्यानं विमान निरखून विचारलं, हे कुणी केलं म्हणून. कंपाउंडर उत्तर द्यायला उठत होते, तेवढ्यात हौसराव बोलून गेले.

"आमच्या कंपाउंडरनं."